स्टोरेज आणि ड्रायव्हर कोरच्या सिरीज एका ब्रँचवर आणण्याआधी

लिनक्स कर्नलमध्ये स्कझीची (डिस्कसारखं स्टोरेज सांभाळणारा भाग) एक सिरीज, म्हणजे पॅचचा क्रमवार संच, आणि ड्रायव्हर कोरची (डिव्हाइस आणि ड्रायव्हर जुळवणारा भाग) एक सिरीज जोडायची असेल, तर आधी पाया ठरवा: आरसी१ (नव्या आवृत्तीची पहिली चाचणी-प्रत) किंवा त्यानंतरचा टॅग. मर्ज विंडोतला (नवे बदल मुख्य ट्रीत घेण्याच्या काळातला) मधलाच कमिट धरलात तर जे मोडलं ते तुमचं की दुसऱ्याचं, हे कळायलाच दिवस जातो. दोन्ही सिरीज त्या टॅगवर सुट्ट्या लावून, बिल्ड करून, बूट करून घ्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

मग कोणता भाग कोण सांभाळतं ते सांगणारी गेट_मेंटेनर स्क्रिप्ट चालवा. स्कझी मार्टिन पीटरसन यांच्याकडे, ब्लॉक लेयर जेन्स अ‍ॅक्सबो यांच्याकडे, ड्रायव्हर कोर ग्रेग क्रोह-हार्टमन यांच्याकडे. दोन्ही ट्रींना (मेंटेनरांच्या कोडच्या प्रतींना) लागणारे पॅच वेगळ्या टॉपिक ब्रँचवर ठेवून टॅगवर सही करा, दोघांनी तीच ब्रँच पुल करावी. चेरी-पिक केलंत (कमिटची नक्कल उचललीत) तर एकच बदल दोन हॅशने आत येतो. ब्रँच जाहीर झाली की रिबेस (कमिट नव्या पायावर पुन्हा लिहिणं) बंद.

रेरेरे (एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट लक्षात ठेवणारी गिटची सोय) चालू करून मर्जची रंगीत तालीम घ्या, पण गिट गप्प बसलं म्हणून निर्धास्त राहू नका. ६.११ मध्ये बस_टाइपच्या मॅच कॉलबॅकचा (डिव्हाइस आणि ड्रायव्हर जुळतात का ते बघणारं फंक्शन) ड्रायव्हर पॉइंटर कॉन्स्ट, म्हणजे फक्त वाचण्यापुरता, झाला. समजा स्टोरेजच्या ब्रँचवर नव्या फाइलमध्ये जुन्याच सिग्नेचरचा, म्हणजे कॉन्स्ट नसलेला, कॉलबॅक आहे. दोन्ही बाजूंनी एकही ओळ सामाईक नाही, मर्ज बिनबोभाट होतो आणि बिल्ड पडतं. म्हणून ड्रायव्हर कोरने हात लावलेल्या प्रत्येक फंक्शनचं नाव स्टोरेजच्या ब्रँचवर ग्रेप करा (शोधा). दुरुस्ती मर्ज कमिटमध्येच घाला. ब्रँच जाहीर करण्याआधी रिबेसला एक्झेक लावून प्रत्येक कमिट बिल्ड करा, नाहीतर उद्या बायसेक्ट (बिघडवणारा कमिट शोधणं) अडकेल. ऑलमॉडकॉन्फिगबरोबर (शक्य ते सगळं मॉड्यूल म्हणून बिल्ड करणारं कॉन्फिग) स्कझी बिल्ट-इन असलेलं आणि पॉवर मॅनेजमेंट बंद असलेलं कॉन्फिगही घ्या.

खरा घोळ ऑब्जेक्टच्या आयुष्यात असतो. डिव्हाइस_रजिस्टर फसलं तर पुट_डिव्हाइस (संदर्भ सोडणं), थेट केफ्री (मेमरी लगेच मोकळी करणं) कधीच नाही. टेस्ट कर्नलमध्ये कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं), प्रूव्ह_लॉकिंग (लॉकच्या चुका पकडणारं लॉकडेप चालू करणारं) आणि डीबग_कोबजेक्ट_रिलीज चालू ठेवा. हा शेवटचा पर्याय रिलीज मुद्दाम काही सेकंद लांबवतो, म्हणजे फ्री झालेल्या मेमरीला कोण हात लावतंय ते उघडं पडतं. स्कझी_डीबग (नकली डिस्क बनवणारं) मॉड्यूल लोड करून डिस्कवर आयओ चालू असतानाच सिसएफएसच्या (डिव्हाइसची माहिती फाइल म्हणून दाखवणारी फाइल सिस्टीम) डिलीट फाइलमध्ये १ लिहा, शेजारून होस्ट काढा. लॉकडेपच्या रिपोर्टात स्कॅन_म्युटेक्स (होस्टचं लॉक) आणि केएन-अ‍ॅक्टिव्ह (सिसएफएस फाइल वापरात असल्याची खूण) एकत्र दिसले तर समजा: डिलीट लिहिणारा थ्रेड ती फाइल धरून म्युटेक्सची वाट बघतोय, आणि होस्ट काढणारा म्युटेक्स धरून तीच फाइल सुटायची.

सिसएफएस अ‍ॅट्रिब्यूट नवे असतील तर ते डिव्हाइस_अ‍ॅड_डिस्कला (डिस्क नोंदवणारं फंक्शन) ग्रुप म्हणून द्या. मागाहून जोडले तर यूइव्हेंट (नवं डिव्हाइस आल्याची कर्नलची सूचना) आधी सुटतो आणि यूडेव्हच्या (ती सूचना ऐकणारा प्रोग्राम) रूलला फाइल सापडत नाही, तेही अधूनमधूनच. ब्लॉकटेस्ट्सचे (स्टोरेजच्या चाचण्यांचा संच) ब्लॉक आणि स्कझी गट व्हर्च्युअल मशिनवर चालवा; टेस्ट_डेव्ह्समध्ये दिलेल्या डिस्कवरचा डेटा जातो.

लिनक्स-नेक्स्टमध्ये (पुढच्या आवृत्तीचे बदल एकत्र तपासणारी ट्री) आठवडाभर तरी राहू द्या. कॉन्फ्लिक्ट उरला तर तो लपवायला मुख्य ट्री उलटी मर्ज करू नका. मुख्य ट्री सांभाळणारे लिनस टॉर्व्हाल्ड्स तो स्वतः सोडवणं पसंत करतात. पुल रिक्वेस्टमध्ये तो कुठे येतो आणि तुम्ही कसा सोडवलात, एवढं लिहा.