जर्मन लाँगस्वोर्ड: सुरुवात झोर्नहाऊपासून करा

लाँगस्वोर्ड, म्हणजे दोन हातांनी चालवायची लांब तलवार, शिकायला नवीन येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, तलवार कोणती घेऊ? माझं उत्तर ठरलेलं: आधी मास्क, गळ्याचं संरक्षण आणि जाड हातमोजे घ्या. या खेळात बोटांना सगळ्यात जास्त मार बसतो. तलवार काय, सुरुवातीला नायलॉनचीही चालते.

योहानेस लीष्टेनाउअर या जुन्या जर्मन तलवारबाजी गुरूच्या परंपरेत मुख्य पवित्रे चारच: ओक्स, प्फ्लूग, आल्बर आणि फोम टाग. ते आरशासमोर घोटा, पण तिथे रेंगाळू नका. पवित्रा म्हणजे वाराच्या आधीचा थांबा, एवढंच.

खरा वेळ झोर्नहाऊ या वाराला द्या. उजव्या खांद्यावरून तिरका, वरून खाली वार, सोबत उजवा पाय पुढे. हात आधी निघतात, पाय मागून. उलट केलंत तर आयतं डोकं पुढे कराल. समोरच्यानेही तसाच वार केला की पाती एकमेकांना भिडतात. आता डोळ्यांवर नाही, मनगटावर भरवसा ठेवा. त्याचं पातं ढिलं लागलं, तर टोक सरळ चेहऱ्याकडे न्या. तो जोर लावत असेल, तर भांडत बसू नका: तलवार वर काढून दुसऱ्या बाजूने डोक्यावर मारा. हे आधी अगदी संथ करा, जोडीदाराने जोर आळीपाळीने बदलत राहावं.

योआखिम मायर या जर्मन तलवारबाजी शिक्षकाचं १५७० चं पुस्तक चित्रांमुळे मोहात पाडतं. पण लाँगस्वोर्डच्या भागात त्याने टोकाने भोसकणं जवळपास वगळलंय, म्हणून मी आधी लीष्टेनाउअरच्या शिकवणीवरची १५व्या शतकातली भाष्यं वाचायला लावते.