ई-लसीकरण नोंदणी परिचारिकांच्या अंगवळणी कशी पाडावी

लसीकरण केंद्रांवर इलेक्ट्रॉनिक नोंदणी सुरू करून देणं आणि ती शिकवणं हे माझं काम. नव्या केंद्रावर गेले की मी आधी टॅब्लेट उघडत नाही. एक अख्खं सत्र परिचारिकेशेजारी बसते आणि एका बाळाची नोंद ती किती ठिकाणी करते ते बघते: कार्ड, रजिस्टर, टॅली शीट (दिलेल्या डोसांच्या खुणांचा तक्ता), पुन्हा महिनाअखेरचा अहवाल. टॅब्लेटची त्यात आणखी एक भर पडली, तर सत्र संपल्यावर दमलेल्या हातांनी ती रजिस्टरवरून उतरवून काढणार. म्हणून रजिस्टर कधी बंद होणार, ती तारीख वरिष्ठांकडून लेखी घ्या. नोंदी पडताळायला काही काळ दोन्ही चालवावं लागतं, पण त्याला शेवट हवा. आईजवळचं कार्ड मात्र राहू द्या. बाळ दुसऱ्या केंद्रावर गेलं की तेच कामी येतं.

माणसं नवं तंत्रज्ञान उपयोगी आणि सोपं वाटलं तर स्वीकारतात, असं संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं. परिचारिकेला खरा उपयोग ड्यू लिस्टचा, म्हणजे डोस द्यायची वेळ झालेल्या बाळांच्या यादीचा. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या डोसांपैकी पहिला घेऊन पुढे न आलेली बाळं रजिस्टरमध्ये शोधायची तर पानांमागून पानं उलटावी लागतात. त्यामुळे प्रशिक्षणाची सुरुवात लॉगिनपासून करू नका. तिच्याच केंद्रातली चालू वर्षाची बाळं आधी भरून ठेवा आणि थेट यादी दाखवा. ओळखीची नावं दिसली की ती आपणहून पुढचं विचारू लागते.

सोपेपणा रांग लागलेली असताना तपासा. नेटवर्क मुद्दाम बंद करा: नोंद होते का, नंतर सिंक होते का? एकाच कुपीचा बॅच नंबर प्रत्येक बाळाला नव्याने टाकावा लागत असेल, तर बनवणाऱ्यांकडून ते बदलून घ्याच.

पर्यवेक्षकांशी वेगळं बसा. ते आकडे फोनवर मागत राहिले, तर टॅब्लेट कुणी मनावर घेणार नाही. आढावा स्क्रीनवरच घ्यायला लावा. आणि हे ठासून सांगा: सुटलेली बाळं दिसली म्हणून परिचारिकेची खरडपट्टी काढली, तर पुढच्या महिन्यात ती यादीत दिसणार नाहीत, लस मात्र राहिलेलीच असेल.

चार्जर, जादा बॅटरी लगेच द्या. मदतीचा फोन सत्राच्या वेळेतच उचलला जाईल, एवढं बघा.