अपडेट शून्य दिसले, तरी लगेच विश्वास ठेवू नका

सर्व्हर दोन-तीनच असतात तोवर एकेकावर लॉगिन करून अपडेट बघणं जमतं. संख्या वाढली की कंटाळा येतो आणि मग बघणंच राहून जातं. या कामात नवीन असाल आणि सर्व्हर डेबियन किंवा उबंटू या लिनक्स प्रणालींचे असतील, तर मी अ‍ॅप्ट-डेटर या टूलपासून सुरुवात करायला सांगेन. ते टर्मिनलमध्येच चालतं, एसएसएचवरून (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करण्याची पद्धत) सर्व्हरशी बोलतं आणि कोणावर अपडेट बाकी आहेत, कोण अद्ययावत आहे, हे गटवार दाखवतं. आपल्या मशीनवर अ‍ॅप्ट-डेटर आणि प्रत्येक सर्व्हरवर अ‍ॅप्ट-डेटर-होस्ट, एवढी दोन पॅकेजेस टाकायची. इन्स्टॉलेशन इथे संपलं.

खरा वेळ जातो तो परवानग्यांत. लॉगिनसाठी पासवर्डऐवजी वापरायची ईडी25519 प्रकारची की बनवा, तिला पासफ्रेज द्या आणि तो दरवेळी टाकावा लागू नये म्हणून एसएसएच-एजंट वापरा. प्रत्येक सर्व्हरवर पहिलं लॉगिन हातानेच करा आणि होस्ट-कीचा (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या कीचा) फिंगरप्रिंट पडताळा; तपासणीच बंद करून टाकण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो, तो घेऊ नका. सूडोसाठी (साध्या युजरला प्रशासकाचे हक्क देणारी कमांड) वेगळा युजर ठेवा आणि तिचे नियम व्हिसूडो या कमांडनेच लिहा. एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही: ज्याला हवं ते पॅकेज इन्स्टॉल करता येतं, तो रूटच (सगळे हक्क असलेला युजर) समजा, कारण पॅकेजमधल्या स्क्रिप्ट रूट म्हणूनच चालतात. 'फक्त अ‍ॅप्टची, म्हणजे पॅकेज टाकणाऱ्या कमांडची, परवानगी दिली आहे' यात तेवढंसं समाधान नाही.

आता त्या शून्याकडे येऊ. 'अ‍ॅप्ट लिस्ट'ला अपग्रेड होण्याजोगी पॅकेजेस विचारली, तर ते नेटवर्कवर जातच नाही. डिस्कवरच्या जुन्या यादीतून उत्तर देतं. यादी महिन्यापूर्वीची असेल तर शून्यही महिन्यापूर्वीचं. बरं, 'अ‍ॅप्ट अपडेट' चालवलं तरी एखाद्या रेपॉझिटरीपर्यंत (पॅकेजेस मिळतात तो साठा) पोहोचता आलं नाही, तर ते बहुधा नुसती वॉर्निंग छापतं, जुनी यादी वापरतं आणि एक्झिट कोड 0, म्हणजे 'सगळं ठीक', देतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये एक्झिट कोडसोबत वॉर्निंगही तपासा. होल्डवर ठेवलेली (मुद्दाम रोखून धरलेली) पॅकेजेस पुढे जात नाहीत, तीही अधूनमधून बघा.

याहून फसवा प्रकार म्हणजे मुदत संपलेली आवृत्ती. उबंटू 18.04 चा नेहमीचा सपोर्ट 2023 मध्ये संपला. त्यानंतर विस्तारित सेवा न घेतलेला असा सर्व्हर कायम शून्यच दाखवत राहील, कारण नवीन काही येणारच नाही. सगळ्यात शांत सर्व्हर दिसला की मी आधी त्याची आवृत्ती बघते.

अपडेट लागलं म्हणजे काम झालं, असंही नाही. लायब्ररी डिस्कवर बदलली तरी चालू असलेली प्रोसेस मेमरीतली जुनीच वापरत राहते. 2014 मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतला हार्टब्लीड दोष निघाला, तेव्हा पॅकेज बदलून सर्व्हिस रीस्टार्ट न करणारे सर्व्हर असुरक्षितच राहत होते. नीडरीस्टार्ट हे टूल अशा प्रोसेस शोधून देतं. कर्नलसाठी (सिस्टिमचा गाभा) रीबूटच लागतो. उबंटूवर तशी गरज पडली की 'व्हार/रन'मध्ये 'रीबूट-रिक्वायर्ड' नावाची फाइल तयार होते. ती आहे का, हेही रोजच्या तपासणीत घाला.

ताफ्यात फेडोरा किंवा रेड हॅटच्या घराण्यातले सर्व्हर मिसळलेले असतील, तर अ‍ॅप्ट-डेटरवर अडून न बसता अ‍ॅन्सिबल (अनेक सर्व्हरवर एकाच वेळी काम करणारं टूल) घ्या किंवा छोटी शेल स्क्रिप्ट लिहा. एसएसएचला बॅचमोड आणि कनेक्ट-टाइमआउट द्या, म्हणजे ते पासवर्ड विचारत अडकून राहणार नाही. त्या घराण्यातलं 'डीएनएफ चेक-अपडेट' अपडेट असले की एक्झिट कोड 100 आणि नसले की 0 परत करतं; चूक झाली तर 1. 'सेट -ई' लावलेली स्क्रिप्ट त्या 100 ला चूक समजून थांबते, त्यामुळे हे तिन्ही आकडे वेगळे हाताळा. आणि जो सर्व्हर उत्तरच देत नाही, त्याच्यापुढे शून्य न छापता 'संपर्क नाही' असं छापा.