ट्यूबलाइटखाली रोपं वाढवायचीत? मग हे बघा

फ्लॅटमध्ये ऊन येत नसेल तरी मिरची, टोमॅटो, तुळशीची रोपं ट्यूबलाइटखाली (एलईडी नाही, जुनी फ्लोरोसंट) छान वाढतात, फक्त घेताना नुसते वॅट बघू नका, खोक्यावर केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा, आकडा बघा. ६५०० के म्हणजे कूल डेलाइट, रोपांना आणि पालेभाजीला हीच घ्या. २७०० के वाली पिवळी जोडीला चालेल, एकटी नको. टी५, टी८ हे ट्यूबच्या जाडीचे प्रकार; टी५ बारीक असते आणि २८ वॅटमध्ये भरपूर उजेड देते पण ती जुन्या ३६ वॅटच्या टी८ पट्टीत बसत नाही, त्यामुळे घरात टी८ची पट्टी पडलेली असेल तर उगाच खर्च कशाला, तीच लावा.

खरी गंमत अंतरात आहे. लोक ट्यूब छताला लावतात आणि मग रोपं लांबुडकी, लुकडी होऊन आडवी पडतात! शेंड्यापासून १०-१५ सेंमीवर हवी, म्हणून साखळीने टांगा, रोप वाढलं की वर घ्या. टोकांना उजेड कमी पडतो, ट्रे मधूनमधून फिरवा. रोज १४-१६ तास पुरे, टायमर लावला की झालं. टोकं काळी पडली की ट्यूब बदला, आणि जपून हं, आत पारा असतो.