तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी पुस्तक कसं निवडावं

माझी भाची आठवीत आहे. तिच्यासाठी पुस्तक घ्यायचं तर मी मागचा मजकूर वाचत बसत नाही, कारण तिथे सगळीच पुस्तकं 'थरारक' असतात. सरळ मधलं एखादं पान उघडते आणि त्यातले संवाद हळू आवाजात म्हणून बघते. मुलगा मित्राला "तू असे का बरे वागलास?" असं विचारत असेल तर पुस्तक परत कपाटात. आपल्या ठाण्यातल्या नौपाड्यातली मुलं "काय रे, असं काय करतोस?" म्हणतात. अलीकडच्या बऱ्याच किशोरकथांमध्ये मोबाइल आलाय, पण बोलणं जुनंच राहिलंय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरी परीक्षा लोकलमधली. ठाण्याहून वाशीकडे निघाल्यावर पुस्तक हातात द्यायचं. रबाळ्यापर्यंत तिने मान वर केली नाही, तर ते घरी न्यायचं.

मालिका असेल तर आधी एकच भाग घ्या. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथा मराठीत आहेत, तिथून सुरुवात करा. गोष्ट सांगतो तो तोपशे, फेलूदाचा किशोरवयीन चुलतभाऊ, त्यामुळे मुलं पटकन त्याच्या बाजूने विचार करू लागतात. भाचीने दोन दिवसांत पुस्तक संपवलं आणि गुन्हेगार कसा ओळखला ते जेवताना मला समजावून सांगितलं, हातातला घास तसाच ठेवून.

विकत घेण्याआधी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात डोकवा. संस्था १८९३ पासूनची आहे. मुलांना बरोबर न्या, आणि त्यांनी उचललेलं पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेऊ नका.