‘कुठले बोस?’ : प्रश्नमंजूषा काढणाऱ्यांसाठी

शाळांसाठी प्रश्नमंजूषा काढताना मला सगळ्यात जास्त दगा दिला तो ‘बोस’ या आडनावानं. एकदा विचारलं, ‘सत्येन बोस यांचं प्रसिद्ध काम कोणतं?’ माझ्या कागदावर उत्तर होतं भौतिकशास्त्रातलं. सातवीतली एक मुलगी म्हणाली, ‘दोस्ती सिनेमा.’ मी चक्क शून्य दिलं. घरी येऊन बघतो तर चूक माझीच. ‘जागृती’ (१९५४), ‘चलती का नाम गाडी’ (१९५८) आणि ‘दोस्ती’ (१९६४) यांच्या दिग्दर्शकाचं नाव सत्येन बोसच! आणि शास्त्रज्ञ सत्येंद्रनाथांनाही बंगाली माणूस सत्येन बोसच म्हणतो.

तेव्हापासून एका बोसला एक कार्ड. वर कोपऱ्यात आधी जन्मसाल लिहा, नाव नंतर. १८५८ जगदीशचंद्र, १८९४ सत्येंद्रनाथ, १८९७ दिग्दर्शक नितीन, १९१६ दिग्दर्शक सत्येन. सालं समोर असली की प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र शिकवणारे आणि सत्येंद्रनाथ शिकणारे, हे पाठ करावं लागत नाही.

सालाखाली दुसऱ्या कुणाला चिकटणार नाही अशी एकच खूण. जगदीशचंद्रांना क्रेस्कोग्राफ, झाडाची सूक्ष्म वाढ दाखवणारं यंत्र. नितीन बोसना १९३५चा ‘धूप छाँव’ आणि त्यातलं पार्श्वगायन. सत्येंद्रनाथांना ढाक्याचं पाकीट: १९२४ साली तिथून त्यांनी आपला लेख आइन्स्टाइनकडे धाडला आणि आइन्स्टाइननं स्वतः तो जर्मनमध्ये उतरवून छापवून आणला. ‘बोसॉन’ (सत्येंद्रनाथांच्या नावावरून पडलेलं कणांच्या एका गटाचं नाव) एवढंच लिहू नका. ‘हिग्ज बोसॉन’ ऐकलेली मुलं ते शास्त्रज्ञ हिग्जच्या नावावर टाकून मोकळी होतात.

संदर्भ शोधताना ‘बसू’खालीही बघा. मूळ बंगाली आडनाव तेच, बोस हे त्याचं इंग्रजी वळण. मात्र बासू चटर्जी या गठ्ठ्यात घालू नका, तिथं बासू हे नाव आहे. (मी घातलं होतं.)

प्रश्न तयार झाला की त्यातलं नाव झाकून वाचा. ‘प्रसिद्ध काम कोणतं?’ एवढंच उरलं तर तो प्रश्न बाद. ‘ढाक्याहून आइन्स्टाइनला लेख पाठवणारे’ उरलं तर चालेल. मग घरात कुणालाही वाचून दाखवा. समोरून ‘कुठले बोस?’ आलं, की पेन्सिल परत हातात घ्या.