लिनक्समध्ये दुसरी हार्ड डिस्क कधी माउंट व्हावी, हे आपण ठरवायचं

लिनक्सवर नव्याने आलेली मंडळी मला हमखास विचारतात: दुसरी डिस्क बसवली आहे, पण फाइल मॅनेजरमध्ये तिच्यावर क्लिक करेपर्यंत गाण्यांची यादी रिकामीच का दिसते? बिघाड काहीच नसतो. उबुंटूवर क्लिक केल्यावर यूडिस्क्स नावाची सेवा ती डिस्क ‘मीडिया’ फोल्डरात, तुमच्या युजरनेमखाली जोडून देते, म्हणजेच माउंट करते. पण रात्री आपोआप चालणाऱ्या बॅकअपसाठी क्लिक कोण करणार? म्हणून हा निर्णय फाइल मॅनेजरवर न सोडता ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी) लिहून ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी त्या फाइलची प्रत काढून ठेवा. मग टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके -एफ’ चालवा (टाइप करताना अर्थातच रोमन छोटी अक्षरं) आणि डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा खास ओळखक्रमांक, टिपून घ्या. लिनक्सने डिस्कला दिलेल्या ‘एसडीबी१’सारख्या नावावर विसंबू नका. आणखी एखादी डिस्क लावली की ते बदलू शकतं. यूयूआयडी मात्र पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत तोच राहतो.

एफएसटॅबमधल्या ओळीत सहा रकाने असतात. माझ्या डेटा डिस्कचे असे आहेत: यूयूआयडी, डिस्क जिथे जोडायची तो ‘/डेटा’ फोल्डर, ‘एक्सटी४’ हा फाइल सिस्टमचा प्रकार, ‘डिफॉल्ट्स,नोफेल’ हे पर्याय, ० आणि २. शेवटचा २ म्हणजे सुरुवातीची तपासणी मुख्य डिस्कनंतर.

यातला ‘नोफेल’ फार मोलाचा. तो नसेल आणि डिस्कची केबल निघालेली असेल, तर सिस्टमडी (संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणारा प्रोग्राम) साधारण ९० सेकंद वाट पाहतं आणि मग थेट इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडतं. नवखा माणूस तिथे काळी स्क्रीन पाहून घाबरतो. ‘नोफेल’ असला की डिस्कविनाही संगणक सुरू होतो.

डिस्क आपोआप जोडली जायलाच नको असेल, तर पर्यायांच्या रकान्यात ‘नोऑटो’ लिहा. सोबत ‘युजर’ लिहिलंत तर सुडोशिवायही, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार न वापरता, माउंट करता येते. मधला मार्ग ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’चा: त्या फोल्डरात कुणी डोकावलं, की तेव्हाच डिस्क जोडली जाते. क्वचित लागणाऱ्या डिस्कसाठी मला हाच आवडतो. तिथे ‘नोऑटो’ही सोबत लिहावं.

ओळ लिहून झाल्यावर लगेच रीस्टार्ट करू नका. ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चुका दाखवतं. मग ‘सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड’ आणि ‘सुडो माउंट -ए’. एरर आली, तर ती इथेच दुरुस्त होते.

विंडोजची एनटीएफएस डिस्क फक्त वाचता येत असेल, तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करून तो संगणक पूर्ण शटडाउन करा.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. डिस्क जोडलेली नसताना ‘/डेटा’ हा मुख्य डिस्कवरचा साधा रिकामा फोल्डर असतो. बॅकअप मुकाट्याने तिथेच उतरत राहतो आणि मुख्य डिस्क भरते. म्हणून डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरावर ‘सुडो सीएचएटीटीआर +आय /डेटा’ चालवून ठेवा. मग डिस्क नसली की तिथे काही लिहिलंच जात नाही आणि बॅकअप एरर देऊन थांबतो.